अंगचे बळ आणि अंगात आलेले बळ

गेल्या उन्हाळ्यात माझा नातू सुट्टीला आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या पिशवीतील सर्वांत जास्त जागा एका काळ्या डब्याने अडवली होती. डब्यावर कोसळत्या विजेचे चित्र होते, त्याखाली एक भडक नाव आणि नावाखाली तीन अभिवचने: बळ, जोम, एकाग्रता. व्यायामाच्या अर्धा तास आधी चमचाभर चूर्ण पाण्यात ढवळून प्यायचे, मग माणूस थकत नाही, असे त्याने मला समजावून सांगितले. या जातीच्या चूर्णांना व्यायामशाळेत ‘प्री-वर्कआउट’ म्हणतात आणि त्याच्या ओळखीची सगळी मुले ते घेतात, असेही कळले. मग डबा माझ्यापुढे सरकवीत तो म्हणाला, “आजोबा, एकदा घेऊन बघा. अंगात आल्यासारखं होतं.”

तो सहज बोलून गेला, पण त्याचा तो शब्द माझ्या मनात राहिला. आपल्या भाषेत अंगात असणे आणि अंगात येणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. अंगात असते ते आपले असते. अंगात येते ते दुसऱ्या कोणाचे असते आणि घटकाभराने निघून जाते. ते अंगात असेपर्यंत मात्र माणसाला आपण कोणीतरी वेगळे झालो आहोत याविषयी तिळमात्र शंका नसते. डब्यातील चूर्णाची परीक्षा करायची तर नेमका हाच फरक ओळखता आला पाहिजे, असे मला वाटले.

दोनच दिवसांनी सूनबाईंचा फोन आला. “बाबा, त्याला रात्र-रात्र झोप नसते. हात थरथरतात. एकाऐवजी दोन चमचे घेतो म्हणे. माझं ऐकत नाही; तुमचं ऐकेल. हे सगळं थोतांड आहे, एवढंच त्याला सांगा.”

एवढेच सांगायचे असते तर काम सोपे होते. परंतु तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे कागद पाहिल्याखेरीज कशालाही थोतांड म्हणायचे नाही, अशी एक खोड मला जडली आहे. म्हणून मी कागद पाहायला बसलो. श्रमापूर्वी काहीतरी पोटात किंवा शिरेत घालून बळ वाढवण्याचा उद्योग जुना आहे. पण त्या बळाची कसोटी घेण्याचा उद्योग अवघ्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. मला जे सापडले ते सूनबाईंना हवे होते तितके सोपे नव्हते आणि नातवाला हवे होते तितके गोडही नव्हते.

या कथेचा आरंभ पॅरिसमध्ये करणे सोयीचे. १ जून १८८९ रोजी तेथील जीवशास्त्र मंडळापुढे शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार नावाचा बहात्तर वर्षांचा गृहस्थ बोलायला उभा राहिला. हा कोणी जत्रेतला औषधविक्या नव्हता. मॉरिशस बेटावर जन्मलेला हा शास्त्रज्ञ पृष्ठरज्जूच्या संशोधनामुळे जगभर मान्यता पावला होता. क्लोद बेर्नारसारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाच्या मागे कॉलेज द फ्रान्समधील त्याचे आसन यालाच मिळाले होते. पृष्ठरज्जूच्या एका विशिष्ट इजेला आजही वैद्यकाच्या पुस्तकात त्याचेच नाव आहे. त्या दिवशी त्याने सांगितले की, कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि आपले तारुण्य बऱ्याच अंशी परत आले. पूर्वी प्रयोगशाळेत थोडा वेळ उभे राहिले तरी बसावे लागे, आता तासन् तास उभे राहून काम होते. जिने धावत चढता येतात. शिवाय हाताचे बळ मोजण्याच्या यंत्रावर सहा-सात किलोंची वाढ दिसली. आपल्या हाताच्या बळाचे आकडे तो १८६० पासून टिपत आला होता, तेव्हा तुलनेला जुनी नोंदही त्याच्यापाशी होती.

बातमी समुद्रापार गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग संघाचा पड गॅल्विन नावाचा बेसबॉलचा गोलंदाज हा अर्क टोचून घेऊन मैदानात उतरला. सामना जिंकला गेला आणि वर्तमानपत्राने श्रेय अर्काला देऊन टाकले. त्याआधी त्याने जिंकलेल्या सामन्यांचे श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसत नाही.

आता या अर्कात होते काय? २००२ साली ऑस्ट्रेलियातील काही संशोधकांनी ब्राउन-सेकारच्याच कृतीने तो पुन्हा तयार केला आणि त्यातील टेस्टोस्टेरॉन मोजले. वृषणात तयार होणारे हे द्रव्य पाण्यात फारसे उतरतच नाही. शरीरावर परिणाम व्हायला जितके लागते त्याच्या मानाने अर्कातील प्रमाण नगण्य निघाले. म्हणजे त्या थोर वृद्धाने टोचून घेतले ते जवळजवळ पाणीच. पण त्याने खोटे आकडे लिहिले असे मला वाटत नाही. काटा खरोखरच पुढे गेला असेल. यंत्राने हाताचे बळ मोजले. त्या हाताच्या मागे असलेली आशा मोजण्याची सोय त्या यंत्रात नव्हती.

मला ब्राउन-सेकारला हसता येत नाही, कारण त्याच्या पंक्तीला मी स्वतः बसलेलो आहे. कृष्णाकाठच्या आमच्या गावी तालीम होती आणि पोरवयात मी तिथे जोर-बैठका मारीत असे. जत्रेच्या कुस्त्यांआधी आमचे वस्ताद निवडक पोरांना कोपऱ्यात बोलावून काळ्या पुडीची एक चिमूट मधातून चाटवीत. कोणाला सांगायचे नाही अशी ताकीद असे. चाटल्यावर कानशिले तापत, खांदे भरून आल्यासारखे वाटत. अशी पुडी घेऊन मी एका वर्षी माझ्याहून थोराड गड्याला चीतपट केले आणि पुढे कितीतरी वर्षे त्या पुडीचे गुण गात राहिलो. वस्ताद थकल्यावर एकदा त्यांना भेटायला गेलो, तेव्हा धीर करून त्या पुडीत काय असे ते विचारले. म्हातारा खो-खो हसला. “सुंठ, मिरी नि रंग यावा म्हणून जळकी करवंटी. मास्तर झालास तरी खुळाच राहिलास की!” हरलेला गडीही त्याच्या वस्तादाची अशीच काहीतरी पुडी चाटून आला होता, हे मला त्याच दिवशी कळले.

मग मी जिंकलो तो कशाच्या जोरावर? आणि खांदे भरून आले होते, ते खोटे होते काय? हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच राहिला. युरोपातील काही चिकट माणसांनी मात्र तो यंत्राला जुंपला होता.

इटलीतील ट्यूरिनचा शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो याने थकवा मोजण्यासाठी एर्गोग्राफ नावाचे यंत्र केले. आपण त्याला श्रमलेखक म्हणू. माणसाचा हात पट्ट्यांनी जखडून ठेवायचा, फक्त मधले बोट मोकळे. त्या बोटाला दोरी आणि दोरीला वजन. लंबकाच्या ठोक्यावर बोट वाकवून वजन ओढायचे. पुन्हा सोडायचे, पुन्हा ओढायचे. प्रत्येक ओढीची उंची काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर एक टाक उमटवीत जाई. आरंभी उंच रेघा, मग आखूड, शेवटी बोट हलत नाही. १८९१ साली मोस्सोने थकव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील एक गोष्ट माझ्यासारख्या मास्तराला विशेष पटली. विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आलेल्या त्याच्या एका सहकाऱ्याचे बोट नेहमीपेक्षा फार लवकर थकले. वजन तेच, बोट तेच. शिणली होती ती बुद्धी. म्हणजे स्नायूचा थकवा हा नुसता स्नायूचा नसतो, मनही त्या दोरीला लोंबकळत असते, हे मोस्सोच्या काजळीवर स्पष्ट उमटले.

या यंत्राचा उपयोग पुढे ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ऑस्कर झोट आणि फ्रिट्झ प्रेगल या दोघांनी केला. त्यांनी वृषणाचा अर्क स्वतःला टोचून घेऊन श्रमलेखकावर आपली बोटे चालवली. बोटांचे बळ वाढले, असा निष्कर्ष १८९६ साली छापला गेला आणि मल्लांवर याचे प्रयोग करून पाहावेत असे झोटने सुचवलेही. यातील प्रेगल हा पुढे १९२३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी. सूक्ष्म मोजमापाबद्दलच त्याला ते मिळाले. परंतु याही प्रयोगात टोचणारा आणि टोचून घेणारा एकच होता, आणि आज काय टोचले आहे हे त्या बोटाच्या मालकाला ठाऊक होते. शिवाय रोज वजन ओढून बोट आपोआप तयार होते, तो हिशेब निराळाच. मोजमाप कितीही सूक्ष्म केले तरी ही खोट भरून निघण्यासारखी नव्हती.

प्रयोगशाळेबाहेर तर इतकाही विचार नव्हता. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे ऑलिंपिक सामने झाले. ३० ऑगस्टच्या उन्हात आणि धुळीत मॅरेथॉनची शर्यत सुटली. बत्तीस धावपटूंपैकी चौदाच शेवटपर्यंत पोहोचले. सर्वांत आधी आलेला फ्रेड लॉर्झ वाटेत काही अंतर मोटारीत बसून आल्याचे निघाले आणि विजय थॉमस हिक्सकडे गेला. या हिक्सला त्याच्या माणसांनी वाटेत अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्निन दिले होते आणि पुढे ब्रँडीही पाजली होती. स्ट्रिक्निन हे कुचल्याच्या बीतले विष. शेवटच्या टप्प्यात त्याला भास होऊ लागले, लोकांनी आधार देऊन त्याला पार नेले आणि त्यानंतर डॉक्टरांना त्याच्यावर उपचार करावे लागले. त्याच्याबरोबर असलेल्या चार्ल्स लुकसने या शर्यतीचा जो वृत्तांत लिहिला, त्यात असल्या औषधांचा धावपटूंना चांगला उपयोग होतो असे मत दिले आहे. मेलेला नाही आणि जिंकला आहे, एवढ्यावर औषध गुणकारी ठरवण्याची ही रीत. आमच्या वस्तादांच्या पुडीला मी जे प्रमाणपत्र दिले, त्याची जात हीच; फक्त जळक्या करवंटीने माणूस मरत नाही.

ही रीत मोडली ती केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याने. रिव्हर्सचे नाव आपल्याकडील काही वाचकांना निराळ्या कारणाने माहीत असेल. निलगिरीवरील तोडा जमातीत राहून त्याने त्यांच्यावर १९०६ साली लिहिलेला ग्रंथ मानववंशशास्त्रात प्रसिद्ध आहे. तोडांच्या म्हशी आणि त्यांचे नातेसंबंध ज्या बारकाईने त्याने टिपले, त्याच बारकाईने तो कॅफीनकडे वळला. कॅफीन म्हणजे चहा-कॉफीत असणारे उत्तेजक द्रव्य. वेबर नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने केलेले हे काम १९०७ साली प्रसिद्ध झाले. प्रयोगापूर्वी त्याने चहा-कॉफी सोडली, म्हणजे रोजच्या सवयीचा गोंधळ नको. आणि मुख्य गोष्ट अशी की, त्याने एक दुसरे मिश्रण करवून घेतले, ज्यात कॅफीन नव्हते, पण जे चवीने आणि रूपाने कॅफीनच्या मिश्रणापासून ओळखता येत नव्हते. कोणत्या दिवशी काय पोटात जाते आहे, हे बोट ओढणाऱ्याला कळू नये अशी व्यवस्था होती.

ही युक्ती दिसायला किती साधी! परंतु ब्राउन-सेकारपाशी नव्हते ते सर्व या एका लुटुपुटीच्या मिश्रणात आले. निकाल असा लागला की, अल्कोहोलच्या लहान मात्रेने बळ वाढते असा जो समज होता तो या कसोटीवर टिकला नाही. कॅफीन मात्र टिकले. कॅफीन घेतलेल्या दिवशी, ते घेतले आहे हे ठाऊक नसतानाही, बोटाने जास्त काम केले.

चार वर्षांनी, १९११ साली, कॅफीनला न्यायालयात उभे राहावे लागले. अमेरिकन सरकारने टेनेसीतील चॅटानूगा येथे कोकाकोलाची पिंपे जप्त केली होती आणि त्यातील कॅफीन अपायकारक आहे असा दावा केला होता. कंपनीने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाला प्रयोग करायला सांगितले. त्याने आणि त्याची पत्नी लीटा हिने न्यूयॉर्कमध्ये जागा भाड्याने घेऊन सोळा माणसांवर चाळीस दिवस प्रयोग केले. एकसारख्या दिसणाऱ्या गोळ्या. काहींत कॅफीन, काहींत नुसती दुग्धशर्करा. कोणाला काय दिले हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. काम थोडे जलद होते, हे याही वेळी दिसले आणि मात्रा मोठी असली तर झोप बिघडते हेही. पैसा कंपनीचा होता, म्हणून निकाल कसाही लागला तरी तो छापण्याची मुभा हॉलिंगवर्थने आधीच लिहून घेतली होती आणि जाहिरातीत तो वापरायचा नाही अशी अट घातली होती. डब्यावर ‘शास्त्राने सिद्ध’ हे शब्द वाचताना ही अट मला राहून राहून आठवली.

एवढा इतिहास पाठीशी घेऊन मी नातवाच्या डब्याकडे वळलो. डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत पंधरा-वीस नावे होती. ती एकेक घेऊन पाहिली, तेव्हा चित्र असे दिसले.

पहिले नाव आपल्या ओळखीचे: कॅफीन. रिव्हर्सनंतर शंभराहून अधिक वर्षे त्याच्या कसोट्या होत आल्या आहेत आणि ते बहुतेक वेळा उतरले आहे. शरीराच्या दर किलो वजनाला तीन ते सहा मिलिग्रॅम कॅफीन श्रमाच्या सुमारे तासभर आधी घेतले, तर कामगिरी काही टक्क्यांनी सुधारते. ते नवे बळ निर्माण करीत नाही. मेंदूत थकव्याचा निरोप पोचवणारे अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य असते, त्याची जागा अडवून धरते. म्हणजे थकवा येतोच, त्याची वर्दी तेवढी उशिरा पोचते. एक कप कॉफीत साधारण ऐंशी ते शंभर मिलिग्रॅम कॅफीन असते. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढाला एका वेळी दोनशे आणि दिवसाला चारशे मिलिग्रॅमपर्यंत धोका नाही असे ठरवले. बाजारातील शंभर प्रमुख चूर्णांची छाननी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीत एका मात्रेत सरासरी सुमारे अडीचशे मिलिग्रॅम कॅफीन आढळले. दोन चमचे घेणाऱ्या पोराचे हात का थरथरतात, याचा उलगडा करायला यापुढे वैद्याची गरज उरली नाही.

दुसरे नाव क्रिएटीन. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हे १८३२ साली मांसाच्या रसात सापडले आणि पुढे १८४७ साली लीबिगने नोंदवले की, शिकारीत पळवलेल्या कोल्ह्यांच्या मांसात ते पाळीव कोल्ह्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. खाऊन ते स्नायूत साठवता येते, हे १९९२ साली दाखवून दिले गेले. या द्रव्याचा गुण खरा आहे. थोड्या वेळाच्या जोरकस श्रमाला त्याचा उपयोग होतो. पण तो गुण रोज तीन ते पाच ग्रॅम असे तीन-चार आठवडे घेऊन स्नायू भरल्यावर येतो. आज घेतले आणि अर्ध्या तासात फळले असे नाही. विहिरीत पाणी साठवणे आणि घडा बुडवणे यांत जेवढे अंतर, तेवढे हे अंतर आहे.

तिसरे नाव बीटा-अलानिन, आणि हे मला सर्वांत उद्‌बोधक वाटले. तेही रोज चार ते सहा ग्रॅम असे काही आठवडे घेतले, तर एक ते चार मिनिटे टिकणाऱ्या कठोर श्रमात थोडा लाभ देते. चमचाभर चूर्णात ते बहुधा याहून कमीच असते. मग ते घालतात कशाला? नातवाने उत्तर नकळत आधीच दिले होते. चूर्ण घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या कानाच्या पाळ्यांना, गालांना, हातांना मुंग्या येत. “मुंग्या आल्या की समजायचं, चढायला लागलं!” मुंग्या येणे हा बीटा-अलानिनचा कातडीच्या मज्जातंतूंवरचा परिणाम आहे, तो निरुपद्रवी आहे आणि त्या दिवशीच्या बळाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण तो साक्षीदाराचे काम चोख बजावतो. आमच्या वस्तादांच्या पुडीत तेच काम मिरी करीत असे.

चौथे सिट्रुलीन. कलिंगडातून जपानमध्ये प्रथम वेगळे केलेले हे द्रव्य शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढवते आणि रक्तवाहिन्या सैल करते. नायट्रिक ऑक्साइडच्या या कार्याच्या शोधाला १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि तेव्हापासून डब्यांवर त्याचे नाव मिरवू लागले. शोध पक्का, पण चूर्णाचा गुण कच्चा. प्रयोगांचे निकाल कधी असे, कधी तसे. उरलेली बहुतेक नावे चिमटी-चिमटीची. कोणते द्रव्य किती घातले हे न सांगता सर्वांना ‘खास मिश्रण’ या एका टोपलीखाली झाकायची प्रथाही आहे. वर सांगितलेल्या छाननीत शंभर चूर्णांतील घटकांपैकी जवळजवळ निम्म्यांचे प्रमाण असे झाकलेलेच होते.

आणि या टोपलीखाली कधी काय निघेल याचा नेम नसतो. १९४० च्या दशकात नाक मोकळे करण्याच्या औषधासाठी तयार केलेले, पुढे औषध म्हणून मागे घेतलेले डीएमएए नावाचे उत्तेजक या शतकात फुलझाडातील द्रव्य म्हणून चूर्णांत अवतरले. अमेरिकन सरकारने २०१२ साली उत्पादकांना त्याविषयी बजावले. त्याच वर्षी लंडनच्या मॅरेथॉनमध्ये तीस वर्षांची एक तरुणी शेवटच्या मैलात कोसळून मरण पावली. तिने पाण्यातून असे चूर्ण घेतले होते आणि मृत्यूच्या चौकशीत या द्रव्याचा वाटा मान्य झाला. आपल्या देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली असल्या पूरक पदार्थांचे नियम केले खरे. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत आपल्या बाजारातील छत्तीस प्रथिनचूर्णांपैकी पंचवीसांच्या डब्यावरचा प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. ती चूर्णे वेगळी, पण दुकान तेच.

हे सर्व मी नातवाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “आजोबा, तुमचं बरोबर असेल. पण मला फरक जाणवतो, त्याचं काय?”

ब्राउन-सेकारनेही हेच म्हटले असते. मी म्हटले, “मोजूया.” चूर्णाची परीक्षा घेणे शक्य नव्हते, कारण मुंग्यांनी त्याला लगेच कळले असते. म्हणून आम्ही कॉफी निवडली. एक साधी, एक कॅफीन काढलेली. रिव्हर्सच्या धर्तीवर आठवडाभर त्याने चूर्ण, चहा, कॉफी सगळे सोडले. पहिले दोन दिवस डोके धरून बसला; आठवड्याच्या अखेरीस मात्र सकाळी हाका मारून उठवावे लागू लागले. मग बारा सकाळी त्याच्या आजीने नाणे उडवून ठरेल ती कॉफी केली आणि चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी तांदळाच्या डब्यात टाकली. कॉफी पिऊन तासाभराने नातू ‘खरी’ किंवा ‘खोटी’ असा आपला तर्क कागदावर लिही आणि मग दमेपर्यंत जोर काढी. मोजायला मी. मलाही ठाऊक नसे.

तेराव्या दिवशी चिठ्ठ्या उघडल्या. खऱ्या कॉफीच्या दिवशी सरासरी बेचाळीस जोर, खोटीच्या दिवशी एकोणचाळीस. मग त्याच्या तर्काप्रमाणे वाटणी केली. ‘खरी’ असे लिहिलेल्या दिवसांची सरासरी त्रेचाळीस आणि ‘खोटी’ लिहिलेल्यांची सदतीस. सर्वांत मोठा आकडा, अठ्ठेचाळीस, ज्या दिवशीचा, त्या दिवशी तो खात्रीने ‘खरी’ लिहून बसला होता आणि तांदळातून निघालेली चिठ्ठी खोटीची होती.

बारा दिवसांच्या या घरगुती प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, हे त्याला मीच सांगितले. पण याच जातीचा शिस्तशीर प्रयोग सायकलपटूंवर झाला आणि २००६ साली छापला गेला. सर्वांना लुटुपुटीचेच औषध दिले होते. मात्र आपल्याला थोडे कॅफीन मिळाले असे ज्यांना वाटले त्यांचे बळ १.३ टक्के वाढले, पुष्कळ मिळाले असे वाटले तेव्हा ३.१ टक्के, आणि आपल्याला काहीच मिळाले नाही असे वाटले तेव्हा ते १.४ टक्के घटले. हे शेवटचे मला अधिक बोचते. डबा नसला की आपण दुबळे आहोत, असे वाटायला लावणे हाही त्या डब्याचाच गुण आहे, आणि तो पाठीवरच्या यादीत छापलेला नसतो.

तेव्हा अभिवचने खरी की खोटी? कॅफीनपुरती खरी, आणि ते कॉफीच्या कपात स्वस्त मिळते. क्रिएटीनपुरती खरी, पण ते धीराचे काम आहे, अर्ध्या तासाचे नव्हे. उरलेले बरेचसे आपलेच असते. मुंग्या त्याला जाग आणतात आणि किंमत डब्याची मोजावी लागते. सूनबाईंना मी हेच कळवले. थोतांड हा शब्द वापरला नाही, दुसरा चमचा मात्र बंद करायला सांगितला.

पावसाळ्यात नातवाचा फोन आला. झोप नीट लागते, सकाळी कॉफी घेतो, असे म्हणाला. डब्याचे काय केलेस, असे मी विचारले.

“मित्राला दिला, निम्म्या किमतीत.”

“त्याला सगळं सांगितलंस का?”

“सगळं सांगितलं, आजोबा. रिव्हर्स, मुंग्या, आजीच्या चिठ्ठ्या, सगळं. तो म्हणाला, असू दे रे, पण अंगात येतं ना?”